गॅचामनचा अग्निपक्षी: दहा सेकंदांच्या प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

ठरलं. भाच्याबरोबर अ‍ॅनिमेशनचं एकच दृश्य करायचं, दहा सेकंदांचं. गॉड फिनिक्स हे यान पेट घेतं, आगीचा पक्षी होतं आणि पडद्याच्या या कडेहून त्या कडेला जातं. सगळं पारदर्शक शीटवर, हाताने रंगवून. संगणकाला हात लावायचा तो शेवटी, फोटो ओळीने लावायला.

वही भाचा त्याच्या मित्रांना दाखवणार आहे, म्हणून थोडी माहिती. ‘कागाकु निंजाताई गॅचामन’ ही तात्सुनोको प्रॉडक्शनची अ‍ॅनिमेशन मालिका. 1 ऑक्टोबर 1972 ते 29 सप्टेंबर 1974, जपानच्या फुजी टीव्हीवर, दर रविवारी संध्याकाळी सहाला. एकूण 105 भाग. पाच जणांचं विज्ञान-निंजा पथक: केन (गरुड), ज्यो (काँडोर), जुन (हंस), जिनपेई (पाकोळी), र्‍यू (घुबड). त्यांना कामाला लावणारे डॉक्टर नांबू. समोर गॅलॅक्टर ही संघटना, तिचा मुखवटेधारी म्होरक्या बर्ग कात्से, आणि त्याच्याही डोक्यावर सोसाई एक्स. कल्पना तात्सुओ योशिदांची. त्यांनी केंजी आणि इप्पेई कुरी या भावांबरोबर 1962 मध्ये हा स्टुडिओ काढला होता. मुख्य दिग्दर्शक हिसायुकी तोरिउमी.

हेच दृश्य का? कारण मालिकेत ते पुन्हा पुन्हा येतं. माझा जो काही मुद्दा आहे तो त्या पुन्हा पुन्हा येण्यातच आहे.

8 जानेवारी

आज नुसता हिशेब.

फिल्म सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, खाते. दर चौकटीला नवं चित्र टीव्हीला परवडत नाही. ओसामु तेझुकांच्या 1963च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून जपानी टीव्हीवर एक चित्र तीन चौकटी धरून ठेवायची रीत रुळली. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, आमच्या दहा सेकंदांना ऐंशी. आता त्यांच्या बाजूने बघा. भाग वीसच मिनिटांचा धरला तरी 1200 सेकंद, गुणिले आठ, 9600 चित्रं. दर रविवारी, सलग दोन वर्षं.

इतकी चित्रं कुणी काढत नाही. मग काटकसर कुठे करायची? माणूस बोलतोय तेव्हा फक्त ओठ हलवा. पार्श्वभूमी सरकवा, धावणारा जागीच राहू दे. आणि जी दृश्यं दर भागात लागतात, म्हणजे वेषांतर, यानाचं उड्डाण, अग्निपक्षी, ती एकदाच जीव ओतून करा, डब्यात जपून ठेवा आणि हवी तेव्हा काढा. जपानी स्टुडिओंत या साठ्याला ‘बँक’ म्हणतात.

जुन्या मालिका बघताना लोक हसतात, ‘परत तेच दाखवलं!’ म्हणून. मला उलट वाटतं. जे परत दाखवलंय तेच सगळ्यात चांगलं काढलेलं असतं, कारण खर्च तिथेच केलेला असतो.

दुसरी गोष्ट भाच्याने हेरली. निंजा उंच मनोऱ्यावर पुतळ्यासारखा उभा असतो, हलतो तो फक्त त्याचा पंखांचा झगा. मग एकदम नाहीसा होतो. म्हणजे एक स्थिर चित्र, झग्याची चार चित्रं आलटून पालटून, आणि नाहीसं व्हायला फक्त एक कट. निंजाला कमी हालचाल शोभते. हाच प्रसंग फुटबॉलच्या मालिकेत टाकला असता तर हात आखडता घेतलेला लगेच दिसला असता.

12 जानेवारी

अप्पा बळवंत चौक. ए-फोर ओएचपी शीटचा, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटचा, गठ्ठा मिळाला. दुकानदाराने विचारलं, “अजून प्रोजेक्टर वापरता?” खरी सेल शीट, म्हणजे स्टुडिओत चित्रं रंगवायची पारदर्शक शीट, पूर्वी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची असायची, ही पॉलिएस्टर आहे. रंग धरेल का याची शंका आहे.

चित्रं एकावर एक नेमकी बसायला खुंट्यांची पट्टी लागते. स्टुडिओतल्या पट्टीला तीन खुंट्या, मधली गोल आणि कडेच्या दोन चपट्या. आम्ही ऑफिसच्या पंचिंग मशीनवर भागवलं. त्याची दोन भोकं 80 मिलिमीटर अंतरावर, प्रत्येक साधारण 6 मिलिमीटरचं. सुताराकडून तेवढ्या जाडीच्या लाकडी काड्या तासून घेतल्या आणि प्लायवर बसवल्या. थोडी ढिलाई आहे. काडीला सेलोटेपचा एक वेढा दिल्यावर गेली.

18 जानेवारी

यानाचा अभ्यास. गॉड फिनिक्स पक्ष्याच्याच ठेवणीचं, पण पक्षी म्हणून काढायला गेलं की फसतं. ते जड आहे, पोटात गाड्या घेऊन उडतं. ज्योची मोटार नाकाडात जाते, केनचं विमान शेपटाकडे. जुनची मोटरसायकल आणि जिनपेईची गाडीही आतच. चालवतो र्‍यू. पथक वरच्या घुमटातून आत-बाहेर करतं.

मालिकेतली कला आणि यंत्रं मुख्यतः मित्सुकी नाकामुरांची. त्यांच्या हाताखाली त्याच वर्षी कुनिओ ओकावारा नावाचा नवखा रुजू झाला, तो शत्रूची यंत्रं काढायचा. पुढे 1979 मध्ये ‘गंडम’चा रोबो त्यानेच घडवला. पात्रांच्या रेखाटनात योशिताका अमानो होते. वयाच्या पंधराव्या वर्षी तात्सुनोकोत आलेले, गॅचामनच्या वेळी जेमतेम विशीतले. ‘फायनल फँटसी’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. भाचा खेळतो, तो उडालाच.

ज्या मालिकेला आपण लहान मुलांचं कार्टून म्हणून बाजूला सारतो तिच्या टेबलांवर कोण कोण बसलं होतं बघा.

यानाची तीन रेखाटनं झाली: समोरून, तीन-चतुर्थांश म्हणजे तिरकं, आणि बाजूने. पुढची दोनच वापरू.

26 जानेवारी

सुट्टी, पण काम झालं. ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ परवाच इथल्या थिएटरांत पुन्हा लागला, भाच्याला घेऊन गेलो. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुरा केलेला, भारत-जपानचा मिळून. सगळा हाताने रंगवलेल्या सेलवरचा.

गोष्ट बघायची सोडून आम्ही दोघं कडा बघत होतो. आकृतीभोवतीची रेघ सजीव असते, तिची जाडी मधूनच बदलते. मागचं रंगीत चित्र मऊ, पोस्टरकलरचं, आणि पुढची आकृती सपाट रंगाची. हा फरक गॅचामनमध्येही आहे. फक्त तिथे आकृतींवरही सावलीचा एक जास्तीचा थर असतो. योशिदा मुळात चित्रकथा काढणारे, माणसं धिप्पाड आणि हाडामांसाची काढायचे. त्यामुळे केनच्या जबड्याखाली सावली लागतेच.

आम्ही यानाला दोन सावल्या देणार. तीन दिल्या तर मार्च उजाडेल.

2 फेब्रुवारी

आजचा दिवस पाटीवाल्या काकांचा. आमच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, फ्लेक्स आल्यावर बंद केलं. सेलचा रंग शीटच्या मागच्या बाजूने भरतात, रेघ पुढून. त्यामुळे पुढून ब्रशचा फटकारा दिसत नाही, रंग एकसारखा दिसतो. हे सांगायला तोंड उघडलं तर काका म्हणाले, “अहो, काचेच्या पाट्या आयुष्यभर उलट्याच रंगवल्या. आधी अक्षर, मग त्याची सावली, सगळ्यात शेवटी पाठचा रंग. उलटं वाचता यायला लागलं की माणूस पेंटर झाला.”

रीत तीच आहे. पुढून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी भरायचं. आधी यानाच्या खिडक्यांची चमक, मग सावली, मग अंगाचा निळा.

रंग सोलून निघत होता. काकांनी शीट आधी स्पिरिटने पुसायला लावली, बोटांचं तेल राहिलं की रंग धरत नाही. शिवाय अ‍ॅक्रेलिक पातळ करून दोनदा मारायच्या ऐवजी दाट थेंब टाकून ब्रशने तो रेघेपर्यंत ढकलत न्यायचा, एकदाच. वाळताना परत डिवचायचा नाही. जमलं. शीट वाकवली तर अजूनही तडकतो, म्हणून वाळल्यावर आडव्या ठेवायच्या, मध्ये बटर पेपर घालून.

हवा कोरडी आहे. शीट सरकवली की वीज धरते आणि घरातली सगळी धूळ गोळा करते. खोलीत ओला टॉवेल टांगलाय.

5 फेब्रुवारी

एकावर एक शीट ठेवल्या की खालचा रंग मळकट होतो. आमच्याकडे चार थर आहेत: ए म्हणजे धूर, बी यान, सी आग, डी पुढून उडणाऱ्या ठिणग्या. तीन शीटांखाली गेलेला निळा बराच काळवंडतो. म्हणून ए थराचे रंग मुद्दाम उजळ मिसळले. स्टुडिओत याचसाठी एकाच रंगाच्या फिक्या-गडद बाटल्या ठेवत. आमच्याकडे पांढरा रंग आणि चमचा.

9 फेब्रुवारी

शीट वाळेपर्यंत इंग्रजी आवृत्ती बघितली. मस्कतहून आलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मी लहानपणी पाहिली ती हीच, ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’. तेव्हा ही जपानी आहे हे ठाऊकच नव्हतं.

अमेरिकी वितरक सँडी फ्रँक यांनी 1977 मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या टीव्ही बाजारात गॅचामन पाहिली. ‘स्टार वॉर्स’ लगेच त्यानंतर आला आणि सगळ्यांना अंतराळ हवं झालं. मग पृथ्वीवर घडणारी गोष्ट परग्रहांवर नेली. कशी? तर मध्ये मध्ये यान अंतराळातून जातानाची दृश्यं घातली आणि निवेदनात ग्रहाचं नाव बदललं. 105 पैकी 85च भाग झाले. मारामारी आणि मृत्यू कापले. कापल्यावर जी भोकं पडली ती बुजवायला 7-झार्क-7 नावाचा नवा रोबो आणि 1-रोव्हर-1 हा रोबो-कुत्रा अमेरिकेत काढून घेतले. झार्क समुद्राखालच्या ठाण्यात बसून सांगतो की शहर आधीच रिकामं केलं होतं, काळजी नको. मागच्या चित्रात इमारती कोसळतायत आणि हा म्हणतोय कुणाला खरचटलंही नाही!

बर्ग कात्से मूळ गोष्टीत स्त्री आणि पुरुष दोन्ही आहे, रूप बदलतो, आणि त्याची सगळी कहाणी त्यावर उभी आहे. अमेरिकी आवृत्तीत तो झोल्टार झाला आणि त्याचं स्त्रीरूप ही त्याची बहीण ठरली. छोटा जिनपेई कीओप झाला आणि दर वाक्याआधी चिवचिवाट करायला लागला. भाच्याने आवाज बंद करून बघितलं. म्हणाला, “मामा, मुक्यानेच जास्त कळतंय.”

तरी माझं मन त्या आवृत्तीबद्दल पूर्ण कडू होत नाही. केनला तिथे केसी केसमचा आवाज होता, संगीत होयट कर्टिनचं, तेही वाईट नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: अग्निपक्षी. तिथे त्याला ‘फायरी फिनिक्स’ म्हणतात. एवढी कात्री चालवणाऱ्यांनाही कळलं होतं की हे दृश्य टाकलं तर मुलं टीव्ही बंद करतील.

16 फेब्रुवारी

आग काढणं हे यान काढण्यापेक्षा अवघड. यानाला आकार आहे, आगीला नुसती दिशा. भाच्याने आधी ज्वाळांना टोकं काढली, ती गवतासारखी डोलायला लागली. आग डोलत नाही. ती मुळाशी जाड असते, वर जाता जाता तुटते आणि तुटलेला तुकडा एक-दोन चित्रांत विरतो. तुकडे तुटायला लागले तेव्हा ती पेटली.

सहा चित्रांचं चक्र केलं: 1 ते 6, परत 1. ज्वाळा तीन चौकटी धरली तर अडखळते, म्हणून आग दोन-दोन चौकटींवर आणि यान तीनवर. टायमिंग शीटवर, म्हणजे कुठलं चित्र कोणत्या चौकटीला हे लिहायच्या तक्त्यावर, दोन्ही रकाने शेजारी लिहिले तेव्हा दिसलं की सहा चौकटींनी दोन्ही एकदम बदलतात आणि तिथे बारीक ठोका बसतो. भाच्याला तो आवडला, मला नाही. आगीचं चक्र मधूनच 1-2-4-3 असं उलटसुलट केलं. ठोका गेला.

पंख हे आगीचेच, पण चक्रात न बसणारे. यानाचा आकार मिटत जातो, ज्वाळा मागे ओढल्या जातात, चोच होते, मग पंख उघडतात. ही सलग चित्रं, प्रत्येक वेगळं. इथे मी काटकसर करू दिली नाही.

23 फेब्रुवारी

खालून उजेड.

कागदावरचा पिवळा कितीही भडक असला तरी चमकत नाही. फिल्मच्या काळात यावर एक उपाय होता. आधी नेहमीसारखं चित्र टिपायचं. मग फिल्म मागे घ्यायची, काळ्या कागदात हवा तो आकार कापून त्याच्या खालून दिवा लावायचा आणि त्याच चौकटीवर पुन्हा टिपायचं. उजेड फिल्ममध्ये सांडतो, कडा फुलते.

बुधवार पेठेतून एलईडीच्या पट्ट्या आणल्या, दुधी अ‍ॅक्रेलिकचा तुकडा आणला. जुन्या कॅमेऱ्यात एकाच फोटोवर दोनदा टिपायची सोय आहे. रंगासाठी नाटकवाल्यांचा जिलेटिन पेपर, नारिंगी आणि अंबर. काळ्या कागदातून बारीक भोकांतूनही उजेड गळतो, म्हणून दोन कागद चिकटवले. लेन्सवर नायलॉनचा मोजा ताणला तर चमकेला वलय आलं.

पहिल्या चाचणीचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला आणि काका, जे नुसते चहाला म्हणून थांबले होते, खुर्ची ओढून बसले.

2 मार्च

यानाच्या आतलं दृश्य घ्यायचं का यावर वाद. मूळ मालिकेत बाहेर आग लागते तेव्हा आत पाच जण ताप आणि दाब सोसत असतात. दात आवळलेले, डोळे मिटलेले. हे तंत्र फुकट मिळत नाही, वापरणाऱ्याला झळ लागतेच. भाचा म्हणाला, यात अ‍ॅनिमेशन कुठे आहे, चेहरे तर स्थिरच! बरोबर. स्थिर चेहरा, वर लाल जिलेटिन, आणि कॅमेरा हलवायचा. पैसे वाचले आणि वेदनाही दिसली.

दीड सेकंद केनचा चेहरा. एकच शीट. कॅमेऱ्याऐवजी खुंट्यांची पट्टीच दर चौकटीला किंचित इकडेतिकडे सरकवायची.

9 मार्च

शूटिंग. सकाळी सातला पडदे ओढले, दुपारनंतर खोलीची भट्टी झाली. पंखा लावता येत नाही, शीट उडतात.

कामाला गाणं लागतं म्हणून मालिकेचं शीर्षकगीत लावलं. आसेई कोबायाशींचं संगीत, मासातो शिमोनचा आवाज. गंमत अशी की सुरुवातीच्या भागांत हे गाणं शेवटी लागायचं, सुरुवातीला दुसरंच होतं. 23व्या भागापासून अदलाबदल झाली. कुणीतरी वेळेवर कान टवकारले असणार. ज्योला आवाज देणारे इसाओ सासाकी पुढे स्वतःच गायक म्हणून गाजले. 1975च्या ‘गोरेंजर’चं शीर्षकगीत त्यांचंच, मित्सुको होरिए यांच्यासोबत. पाच रंगांचं पाच जणांचं पथक, खऱ्या माणसांचं, तिथून सुरू झालं, आणि आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेल्या ‘पॉवर रेंजर्स’चं मूळ त्याच परंपरेत आहे. पण गॅचामन त्याच्या तीन वर्षं आधीची. नेता, फटकळ दुसरा, मुलगी, पोरगेला, अंगाने दांडगा ही पंचकडी इथे पुरती बसलेली आहे.

रात्री दहापर्यंत सगळ्या चौकटी टिपून झाल्या.

15 मार्च

काल धुळवड, हात अजून गुलाबी. आज फोटो जोडले. दहा सेकंद चालतं. आग आगीसारखी दिसते. पंख उघडतात तिथे मला अजून दोन चित्रं हवी होती, पण त्या वेगात कुणाला कळणार नाही.

संध्याकाळी 105वा भाग लावला. गॅलॅक्टर पृथ्वी फोडायला निघालंय, घड्याळ उलटं मोजतंय. जखमी ज्यो आपलं शेवटचं पिसाचं शुरिकेन, म्हणजे निंजाचं फेकायचं पातं, कात्सेवर फेकतो, नेम चुकतो, पीस यंत्रात जाऊन पडतं. केन आणि बाकीचे यंत्र थांबवायची धडपड करतात, काही होत नाही, आणि आकडा 0002वर येऊन थांबतो. पीस दातेरी चाकांत अडकलेलं असतं. पथकातल्या कुणालाही कधीच कळत नाही की जग ज्योने वाचवलं. ते फक्त प्रेक्षकाला माहीत. भाचा म्हणाला हा निव्वळ योगायोग, लेखकाने हात वर केले. मी म्हणालो, दोन वर्षं ज्यो ती पिसं फेकत होता, दर भागात. प्रेक्षकाच्या डोळ्यांना ती इतकी सवयीची झाली होती की चाकात काय अडकलंय हे सांगायला एक शब्द लागला नाही. पटलं नाही त्याला. काका भाच्याच्या बाजूने.

मग त्याने विचारलं, त्याच्या शाळेच्या फिल्ममध्ये आमचा अग्निपक्षी वापरला तर चालेल का, उलटा, उजवीकडून डावीकडे. वापर म्हटलं. त्यासाठीच केलाय.

शीट मिठाईच्या रिकाम्या खोक्यात भरल्या, मध्ये बटर पेपर. झाकणावर आतला तपशील:

बी थर, यान. निळा उरलेला नाही, नवा मिसळावा लागेल, नमुना शीटच्या कडेला लावलाय.
सी 1 ते 6, आगीचं चक्र. सी-4च्या उजव्या कोपऱ्यात चरा आहे. उलटं वापरताना तो डावीकडे येईल, चौकट थोडी आत घ्यावी.
पंखांची सलग चित्रं वेगळ्या पाकिटात. वाकवू नयेत.